पाडलेलं टॉकीज आठवणीतून रंगवतोय, आतला अंधार जमत नाहीये

जुनी_रंगपेटी:
आमच्या तालुक्याच्या गावातलं टॉकीज कधीच पाडलं, आता तिथे मंगल कार्यालय आहे. ३ बाय ४ फुटांच्या कॅनव्हासवर ऑइलमध्ये ते रंगवायला घेतलंय, फोटो कुणाकडेच नाही. दगडी भिंत, तिकिटाची जाळीची खिडकी, पत्र्यावरचा कर्णा हे जमलं. पण आईच्या मांडीवर बसून मी मागे वळून बघायचो, वरच्या चौकोनी भोकातून येणारा तो उजेडाचा झोत आणि त्यात तरंगणारा विडीचा धूर, खरं तर मला तेवढंच रंगवायचंय आणि तेच जमेना. पांढरा लावला की खडूची रेघ वाटते, काळा लावला की डांबर. त्यात ताई म्हणते पडदा लाल होता, मला हिरवा आठवतो. काय करू?

केबिनमधला:
झोत नुसता पांढरा नव्हता हो. माझे वडील टॉकीजात सिनेमा दाखवणारे ऑपरेटर होते, कार्बनवाली मशीन. कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोकांमधे ज्योत पेटायची, कांड्या जळतील तसं अंतर वाढायचं, ते सारखं जुळवत बसायचं, जरा लक्ष गेलं की चित्र अंधुक आणि खालून शिट्ट्या. नीट जुळलं की निळसर लख्ख उजेड. आणि झोत एकसारखा कधीच नसतो, आत पट्टे हलत असतात, रात्रीचा सीन आला की जवळजवळ विझतो. भोकंही जास्त काढा. आमच्याकडे दोन मशीन होती, २००० फुटांचं रीळ साधारण २२ मिनिटांत संपायचं की लगेच दुसरं चालू. शेजारी ऑपरेटरला बघायला छोटी काच असायची. त्या काचेत वडिलांचं कपाळ दिसायचं मला.

रंकाळ्याकाठी:
ट्यूबमधला काळा बाजूला ठेवा. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी, मिसळा, खाली माणसं बसलीत तिथे अंबर जास्त, वर छताकडे निळा. हा अंधार पूर्ण वाळू द्या, घाई नको, मग कोरड्या ब्रशवर अगदी नावाला रंग घेऊन झोत घासत आणा, भोकापाशी दाट आणि पुढे विरत जाणारा. झोताला कडा काढू नका, धूर काढा, झोत आपोआप दिसेल. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या सिनेमांची पोस्टरं स्वतः रंगवली, तिथून पुढे बॅनर करणारी सगळी मंडळी चेहऱ्याच्या सावलीत बिनधास्त हिरवा-निळा मारायची आणि लांबून बघितलं की बरोबर कातडीच दिसायची. तुम्हीपण घाबरू नका.

शेवंता_७१:
दादा, तुम्ही मागे वळून बघत होता ना? मग पडदा तुमच्या पाठीला, चित्रात येतोच कुठे? येईल तो आईचा खांदा. आमच्या गावात बायकांची बाजू वेगळी असायची, मधे लाकडी कठडा, त्यामुळे मला तरी मागे वळलं की आधी बायकांच्या अंबाड्यांची रांग दिसायची, झोत त्यांच्या वरून जायचा.

जुनी_रंगपेटी:
शेवंताताई, खांदा माझ्या डोक्यातच आला नव्हता. आत्ता आईला फोन केला, म्हणाली पडदा कसला आठवतोय, तू इंटरव्हलनंतर झोपायचास आणि माझा हात अवघडायचा. डावीकडचा अंधार अजून ओला आहे, रात्रीच खरवडून तिथे तिला घेतो.