मंगोलियात गेरमधल्या पाहुणचाराचे पैसे द्यावेत का?

माळावरची
जुलैत नादाम हा तिकडचा खेळांचा उत्सव बघून आम्ही चौघं खारखोरिनहून ऑर्खोन धबधब्याकडे निघालो होतो. रस्ता म्हणजे गवतात उमटलेल्या चाकोऱ्याच. संध्याकाळी गाडी ओढ्यात रुतली. समोरच्या उतारावर एकच गेर होता, लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू. ड्रायव्हरदादांनी लांबूनच "नोखोइ खोर!" अशी हाक दिली. अर्थ 'कुत्रा आवरा'. तिकडे दार वाजवायच्या जागी हेच ओरडतात.

आतल्या बाईंनी कोण, कुठले, काहीही विचारलं नाही. मिठाचा दूधचहा पुढे केला, वाळवलेल्या दह्याचे आरूलचे तुकडे ठेवले, रात्री चुलीत शेणाची गोवरी सरकवून आम्हाला चुलीजवळची जागा दिली. सकाळी मी चहाच्या वाटीखाली ५०,००० तुगरुग (तिकडचं चलन) ठेवले. त्यांनी नोटांकडे पाहिलं, मग ड्रायव्हरदादांकडे. बोलल्या काहीच नाहीत. नवरा तेव्हापासून म्हणतोय, चुकलंच तुझं. मला अजूनही वाटतं की बरोबर केलं. चौघांनी खायचं, झोपायचं आणि हात हलवत निघायचं, हे माझ्या जिवावर येतं. तुम्ही काय केलं असतंत?

उत्तरवारा
तुमच्या नवऱ्याशी मी सहमत आहे. १५ लाख चौरस किलोमीटरहून मोठा देश, माणसं सुमारे ३५ लाख, त्यातली जवळपास निम्मी राजधानी उलानबातरमध्ये. बाकीच्या माळावर हरवलेले घोडे शोधत निघालेला माणूस रात्री जो गेर दिसेल तिथे शिरतो. आज त्यांच्याकडे तो, उद्या त्याच्याकडे दुसरा कोणी. हे उसनं फिरतं राहतं म्हणून हिवाळ्यात उणे ३०-४० मध्ये माणसं वाचतात. तुम्ही नोटा ठेवून ते तिथल्या तिथे चुकतं केलंत. उद्या तिथे पैसे नसलेला पोहोचला तर?

आणि परत करायचंच असेल तर रीत आहे की. दाराजवळ ऐरागची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कातडी पिशवी टांगलेली असते. आत येणाऱ्याने रवी धरून ते जरा घुसळायचं. हजारो वेळा घुसळावं लागतं ते, त्यामुळे त्यांना मदतच होते.

गवताळ
@उत्तरवारा, मुद्दा सुंदर आहे, पण त्या फिरत्या उसन्यात आपण कुठे बसतो? त्या बाई पुण्यात माझ्या दारात कधी येणार आहेत? पशुपालकांनी एकमेकांसाठी घातलेली रीत आपण पाहुणे म्हणून फुकट वापरायची, हे मला पटत नाही. धबधब्याकडच्या वाटेवर उन्हाळ्यात गाड्यांची रीघ असते. प्रत्येक गाडी चहाला थांबली तर दूध कोणाचं जातं?

त्यांना रोकड लागते हो. पोरं शाळेसाठी तालुक्याच्या गावी वसतिगृहात, हिवाळ्याचा चारा विकत, मोटरसायकलला पेट्रोल. २०२३-२४ च्या झुदमध्ये (बर्फ गोठून गवत झाकलं जातं आणि जनावरं उपाशी मरतात, तो हिवाळा) ७० लाखांवर जनावरं गेली. मग पैशासाठी काश्मिरी लोकरीच्या बकऱ्या वाढवायच्या आणि बकऱ्यांनी कुरण ओरबाडायचं. पाहुण्यांकडून चार पैसे आले तर बिघडलं कुठे?

वाड्यावरचा
मंगोलिया मी पाहिलेला नाही. पण आम्ही फलटणकडचे धनगर, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो. शेतात खतासाठी मेंढरं बसवली की शेतकरी धान्य द्यायचा, पुढं पैसेही देऊ लागला. त्यात कमीपणा कधी वाटला नाही, कारण ते आधी ठरलेलं असायचं. पण वाड्यावर, म्हणजे आमच्या मुक्कामावर, आलेल्याला आईनं दिलेल्या ताकाचे कुणी पैसे काढले असते, तर तिला ते फार लागलं असतं. माळावरची ताई, रात्र राहायचे पैसे द्यायलाच हवेत, पण ड्रायव्हरकडून आधी बोलून. चहाचे नकोत. तुम्ही दोन्हीची एकच नोट केलीत.

माळावरची
@वाड्यावरचा, हे वाचून गलबलून आलं. वाटीखाली नोट, हॉटेलात ठेवतात तशी. बाई गप्प का झाल्या ते आता कळतंय.

@उत्तरवारा, नवऱ्याने खरंच बराच वेळ घुसळलं होतं, आणि घरातले आजोबा तोंडभर हसत होते. मी मात्र बसून फोटो काढत होते. ते फोटो छापून ड्रायव्हरदादांबरोबर पाठवतेय, पुढच्या महिन्यात ते त्याच बाजूला जाणार आहेत. सोबत हेडटॉर्च आणि चांगल्या सुऱ्या. पण रात्रीच्या मुक्कामाचे पैसे द्यायचे, हे माझं मत कायम आहे.

उत्तरवारा
फोटो जरूर पाठवा, गेरमध्ये मानाच्या जागी लागतात ते. पैशांबाबत मी अजून तुमच्या विरुद्धच आहे. गाडी रुतून दारात आलेल्या माणसाचा मुक्काम ठरवून केलेला नसतो, ताई.