पहिल्या दिवशी नेमकं काय काम केलंत? (अनुभव धागा)

ठाणेकर मावशी

भाची बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आल्यापासून तिच्या वर्गातली झाडून सगळी मुलं एनजीओ शोधत फिरतायत. फोनवर रोज चार जाहिराती येतात. प्रत्येकीत लहान पोरांच्या घोळक्यात हसणारी एक मुलगी आणि खाली 'बदल घडवा'. मला त्यातून काही उमगेना, म्हणून इथल्या जुन्याजाणत्यांना साकडं घालते आहे.

कॉलेजात असताना किंवा लगेच नंतर असं काही स्वयंसेवी काम केलं असेल तर लिहा. प्रेरणादायी नको, ते व्हॉट्सअ‍ॅपवर भरपूर येतं. पहिल्या दिवशी हातात काय काम पडलं, खिशातून किती गेले, आणि पुढे त्याचं काय झालं, एवढंच.

माझ्यापासून सुरुवात. १९९४, एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिर, मुरबाडच्या पुढचं गाव. आमच्या गटाकडे शोषखड्डे होते. मी आणि दोघी मैत्रिणींनी मिळून एक खणला, विटांचे तुकडे भरले, वर गोणपाट टाकलं. शेवटच्या दिवशी त्या घरच्या आजींनी हळूच सांगितलं की त्यांच्याकडे मोरीच नाही, सगळे ओढ्यावर जातात. सांडपाणी यायचं कुठून! आजींनी त्यावर अळू लावलं म्हणे. मला दहा मार्क मिळाले.

उजवा हात

मी लेखनिक होते. दादरला एफवायला असताना नोटीस बोर्डावर चिठ्ठी होती: अंध विद्यार्थ्यासाठी लेखनिक हवा, परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला. मुलगा टीवाय बी.ए.चा, इतिहासवाला. मला वाटलं, अक्षर बरं आहे, झालं. तीन तासांच्या पेपराला त्यांना तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे चार तास बसायचं.

पहिल्याच पेपरात त्याने दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचं साल १८१३ सांगितलं. मला १८०३ माहीत होतं. मी काही बोलले नाही, पण पेन थांबलं. तो लगेच म्हणाला, "थांबलीस म्हणजे चुकलंय वाटतं. तरी मी सांगितलं तेच लिही." मी १८१३ लिहिलं आणि उरलेले तीन तास पेन एका लयीत चालवायचा प्रयत्न करत बसले. त्याला माझ्या पेनाचा आवाज ऐकू येत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या पेपराच्या आधी आम्ही दोनदा भेटलो. तो सांगणार, मी लिहिणार, मग मी वाचून दाखवणार. खरं काम वाचण्यात आहे. पेपर आधी आख्खा वाचायचा, मग पर्यायांसकट परत. 'कोणतेही दोन' हे शब्द गिळायचे नाहीत. दोन वर्षांत अकरा पेपर लिहिले. खर्च शून्य, उलट दर पेपरामागे एक वडापाव. पुढे मी बँकेत लागले. समाजकार्य वगैरे काही केलं नाही.

लाल डबा

मी इंजिनिअरिंगचा, पुण्यात हॉस्टेलला. पुण्यातली मैत्री ही संस्था पावसाळ्यात मेळघाटात धडक मोहीम चालवते, आठ-दहा दिवसांसाठी स्वयंसेवकांच्या तुकड्या एकामागून एक जातात. पावसाळ्यातच का, तर रस्ते तुटतात, आईबाप दिवसभर शेतावर, घरात धान्य संपत आलेलं, आणि जुलाब नि न्यूमोनिया त्याच दिवसांत लहान पोरांना गाठतात. परतवाड्यापर्यंतचं तिकीट माझ्या खिशातून. पुढे जीप, आणि त्यापुढे चिखल.

काम घरोघरी जायचं. ताप-जुलाबवाली मुलं शोधायची, गरज असेल त्यांना दवाखान्यापर्यंत पोचवायचं. पहिल्या दिवशी मी वही काढून विचारलं, बाळ किती महिन्यांचं? कोणी सांगेना. मला वाटलं भाषेची अडचण, तिथल्या आदिवासींची कोरकू मराठीच्या जवळपासचीसुद्धा नाही. पण बरोबरची गावातलीच ताई होती, तिने वेगळंच विचारलं. होळीच्या आधी झालं की नंतर? धडाधड उत्तरं. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी. मी वहीत 'वय' खोडून 'होळी' असा रकाना केला.

आता माझी फजिती. जलसंजीवनीचं पाकीट एक लिटर पाण्यात कालवायचं, हे आम्ही मिनरल वॉटरच्या बाटलीने करून दाखवत होतो. सगळ्या बाया माना डोलवत होत्या. दुसऱ्या दिवशी एका घरी डोकावलो तर तांब्यात आख्खं पाकीट टाकलेलं, तांब्या पाऊण लिटरचाही नसेल. घरात लिटरभराची बाटली होतीच कुणाकडे! मग दोन दिवस आम्ही एकच उद्योग केला. ज्याच्या त्याच्या घरातल्या पातेल्यात आमच्या बाटलीने लिटरभर पाणी ओतायचं आणि जिथवर चढेल तिथे खिळ्याने ओरखडा काढायचा. एका म्हातारीने नवं जर्मनचं पातेलं खरवडू दिलं नाही, शिव्या घातल्या. कोरकूतल्या असणार, पण शिव्या कळतात.

दुसऱ्या वर्षी परत गेलो. तिसऱ्या वर्षी चिंचवडला नोकरी लागली आणि संपलं. उगाच खोटं का लिहा.

गंडलेला

धाग्याला गालबोट लावतो. लॉकडाऊनमध्ये अर्ज केला, दहा मिनिटांत ऑफर लेटर. 'सोशल इम्पॅक्ट इंटर्न'. संस्थेचं नाव लिहीत नाही. काम एकच, एक लिंक नातेवाइकांना पाठवून देणग्या गोळा करणं. महिन्यात दहा हजारांचं टार्गेट. आत्या, दोन्ही काका, शाळेतले पीटीचे सर, सगळ्यांपुढे तोंड वेंगाडून साडेतीन हजार जमले, त्यातले हजार बाबांचे. पैसे कुठल्या वस्तीत खर्च होतात म्हणून ग्रुपवर विचारलं तर ग्रुपमधून उडवलं. सर्टिफिकेटही नाही, टार्गेट अपुरं ना! भाचीला सांगा, पहिल्या आठवड्यात टार्गेट हा शब्द आला की काढता पाय घ्यायचा.

हिशेबनीस

@गंडलेला, ही फार जुनी क्लृप्ती आहे. मी संस्थांची हिशेबतपासणी करतो, तेव्हा थोडं लांबण लावतो.

नोंदणी, ८०जी (देणगीदाराला करसवलत), दर्पण क्रमांक (सरकारी पोर्टलवरची संस्थेची नोंद) हे सगळं बघावंच, पण ते असूनही संस्था फुसकी निघू शकते. मी दोन गोष्टी बघतो. मागच्या वर्षाचा वार्षिक अहवाल आणि ताळेबंद मागितल्यावर समोरचा काय तोंड करतो. आणि 'काम चालतं तिथे एक दिवस येऊन बघू का?' यावर तारीख मिळते की कारण.

पगाराबद्दल कुणी बोलत नाही म्हणून बोलतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करावे लागतात. त्यामुळे २०१४ नंतर या क्षेत्रात नोकऱ्या आल्या, पण अहवाल लिहिणारे, आकडे जुळवणारे, एक्सेलवाले यांच्या. उलट परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या पैशातले २० टक्केच प्रशासकीय खर्चाला वापरता येतात, आधी ५० होते. त्याचा चिमटा ऑफिसातल्या पगारांना बसतो. म्हणून बी.कॉम.वाल्या पोरांना मी सांगतो, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि बरं मराठी लिहिता येत असेल तर चांगली संस्था तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचेल. मुलांशी खेळायला सगळेच येतात. व्हाउचर लावायला कोणी येत नाही.

पदवीनंतर वर्ष-दोन वर्षं द्यायची तयारी असेल तर मानधनाच्या फेलोशिप आहेत. टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची, शाळेत शिकवायची (२००९ ला मुंबई-पुण्यातूनच सुरू झाली). स्टेट बँकेची यूथ फॉर इंडिया, तेरा महिने, खेड्यात राहून. राज्य सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, मधे बंद पडली, २०२३ ला परत आली. समाजकार्यात मास्टर्स करायचं असेल तर मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. टिसचा तुळजापूरचा ग्रामीण कॅम्पस मला वैयक्तिकरीत्या जास्त आवडतो, कारण तिथे पोरं शनिवारी मॉलमध्ये जाऊ शकत नाहीत.

बुलढाणेकर

प्रथम या संस्थेचा 'असर' हा शिक्षणाचा सर्व्हे, २०१२. कॉलेजातून जोडीजोडीने गेलो होतो, शनिवार-रविवार. जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. गावाचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागात मधोमध उभं राहून दर पाचवं घर. घरात ५ ते १६ वर्षांचं मूल असलं की त्याला वाचायला द्यायचं: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मग वजाबाकी, भागाकार.

ऐकायला सोपं, पण एका पोराला कागद दिला की अंगणात तीस माणसं जमतात आणि सगळे प्रॉम्प्टिंग करतात. म्हणून जोडी. एकाने चाचणी घ्यायची, दुसऱ्याने गर्दीला गप्पांत गुंतवायचं. माझ्या जोडीदाराने दोन दिवस फक्त कापसाच्या भावावर चर्चा केली.

एक आठवीतला मुलगा होता. शब्द आले, उतारा येईना. कागद हातात धरून त्याने मला विचारलं, "सर, उद्यालोक पाठ करून आणू का?" आपल्याला शिकवायची परवानगी नसते, फक्त नोंद. मी 'शब्द'वर गोल केला. त्याची धाकटी बहीण मागे उभी राहून तोच उतारा घडाघडा वाचत होती, तिला मी गप्प बसवत होतो. आज मी शिक्षणातल्या आकडेवारीचंच काम करतो. असे गोल रोज हजारांनी बघतो.

मिस्त्री

१ मे २०१८, पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावांच्या जलसंधारण स्पर्धेत श्रमदानाला 'जलमित्र' म्हणून कॉलेजचे चाळीस जण बसने गेलो होतो. पाणी जिरवायला उतारावर सलग समतल चर खणायचे. सकाळी सहा ते दहा राबून मी जेमतेम एक करडू बसेल एवढा खड्डा केला, हाताला चार फोड. मग गावाने आम्हाला मांडवात बसवून पुरणपोळी वाढली. हिशेब केला तर गाव तोट्यात.

कोरेगावकर

@मिस्त्री, तुमचं गाव कुठलं ठाऊक नाही, पण आमच्याकडंही त्याच दिवशी अशी एक बस आलेली. तोटा नव्हता. ८ एप्रिलपासनं आम्ही खणत होतो आणि गावातलं पाच-सहा गडी तीन आठवडं पारावर बसून फक्त बघायचं. शहरातनं आलेल्या पोरी घमेली उचलताना बघितल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं चौघं टिकाव घिऊन हजर. पोळ्या वसूल झाल्या.

ठाणेकर मावशी

सगळ्यांचे आभार. भाचीने धागा वाचला, हिशेबनीसांचं टॅलीचं वाक्य मोठ्याने वाचून आईला ऐकवलं, आणि शेवटी तिच्याच कॉलेजात लेखनिकांच्या यादीत नाव देऊन आली. टीवाय बी.कॉम.चा मुलगा आहे, पहिला पेपर पुढच्या शनिवारी. क्रेडिट मिळणार की नाही ते अजून कोणी सांगत नाही.

काल रात्री ती सरावासाठी आजीला जुना पेपर वाचून दाखवत होती. "क अधिक ख चा वर्ग" असं वाचलं. माझी आई निवृत्त गणित शिक्षिका. तिने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, वर्ग नुसत्या ख चा की दोघांचा? अर्धा तास दोघी भांडत होत्या. @उजवा हात, हे कसं वाचायचं असतं?

उजवा हात

मला गणित कधी आलं नाही वाट्याला, पण आमच्या लेखनिकांच्या ग्रुपमधले असं वाचायचे: "कंस उघडला, क अधिक ख, कंस बंद, सगळ्याचा वर्ग." आणि 'सगळ्याचा'च्या आधी जरा थांबायचं. पण शनिवारच्या आत तिला एकदा त्या मुलालाच विचारू दे, त्याची काही वेगळी सवय असेल.