‘प्रलयोत्तर’ पुरतं का? एका कथाप्रकाराच्या नावाचा शोध

धागालेखक:
मंडळी, एक शब्द हवा आहे. जग कोसळल्यावर मागे राहिलेली चार माणसं कशी जगतात, याच्या कादंबऱ्या मी कित्येक वर्षं अधाशासारख्या वाचतो. ‘पोस्ट-अपोकॅलिप्टिक सर्व्हायव्हल थ्रिलर’. मराठीत सांगायला गेलो की गाडी ‘प्रलयोत्तर’वर अडते. शब्दाची घडण चोख आहे, ‘युद्धोत्तर’, ‘स्वातंत्र्योत्तर’ यांच्यासारखीच. पण तो ऐकला की डोळ्यांपुढे नुसतं पाणी उभं राहतं, आणि मला या गोष्टी का आवडतात ते त्यात कुठेच येत नाही.

प्रतिसाद:
पाणी आपण मनात भरलेलं आहे, शब्दात ते नाही. ‘प्रलय’मध्ये ‘ली’ धातू आहे: विरघळणं, लीन होणं. ‘लय’ आणि ‘विलय’ त्याच कुळातले. पुराणांत नित्य, नैमित्तिक, प्राकृत आणि आत्यंतिक असे चार प्रलय सांगितले आहेत, आणि त्यातला आत्यंतिक म्हणजे मोक्ष! ‘अपोकॅलिप्स’चा उगम अगदी वेगळा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाकण काढणं, उघड करणं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचं ते नाव, म्हणून मराठी बायबलमध्ये त्याला ‘प्रकटीकरण’ म्हणतात. जगबुडीचा अर्थ त्या पुस्तकातल्या वर्णनांमुळे नंतर चिकटला. मला वाटतं, या कथांना तो जुना अर्थच जास्त लागू पडतो. दिवे गेले, नळ आटले, की इतकी वर्षं शेजारी राहणारा माणूस नेमका कोण होता ते उघडं पडतं.

प्रतिसाद:
‘कल्पान्तोत्तर’ कसा वाटतो?

प्रतिसाद:
नको. एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं. तो संपल्यावर गोष्ट सांगायला माणूस कुठून आणायचा? या कथाप्रकाराची पहिली अटच ही की कोणीतरी मागे राहिलेलं असतं. १८२६ साली मेरी शेलीने साथीच्या रोगाने मानवजात संपत जाण्याची कादंबरी लिहिली, तिचं नावच ‘द लास्ट मॅन’, म्हणजे शेवटचा माणूस. १९४५ नंतर अणुबॉम्बच्या धास्तीने अशा कथांना उधाण आलं. कारण बदललं, पण मागे राहिलेला माणूस तोच राहिला.

प्रतिसाद:
मग जोर ‘सर्व्हायव्हल’वर द्या ना. ‘थ्रिलर’चा प्रश्न नाही, ‘थरारकथा’ केव्हाच रुळला आहे. अडचण मधल्या शब्दाची, आणि तिथे मराठीकडे किती शब्द आहेत बघा. ‘टिकणे’ वस्तूंचं: रंग टिकतो, कापड टिकतं. ‘तरणे’मध्ये कोणीतरी तारणारा डोकावतो. ‘निभावणे’ प्रसंगापुरतं. ‘तगणे’ मात्र वेगळं आहे. लावलेलं रोप आठवडाभर मान टाकून असतं, मग एका सकाळी त्याला बारीक पालवी दिसते आणि आपण म्हणतो, ‘तगलं’. ताकद कमी, परिस्थिती वाईट, तरीही तग धरला, हे सगळं त्या तीन अक्षरांत येतं.

या कथांमध्ये मला धरून ठेवतं ते हेच. शहरं जळण्याची पानं मी भराभर उलटतो. थांबतो कुठे? माणसाला बंद डबा सापडतो, उघडायला काही नाही, तेव्हा तो डबा उलटा धरून त्याची कड खडबडीत फरशीवर घासत बसतो. कडेचा सांधा झिजून झाकण सैल होईपर्यंत. आवाज फार होतोय, कोणी ऐकेल का? थरार तिथे आहे. एरवी ज्याकडे आपण ढुंकूनही पाहत नाही त्या डब्याला, काडेपेटीतल्या उरल्यासुरल्या काड्यांना, कोरड्या मोज्यांना या गोष्टी किंमत मिळवून देतात. वाचताना आपणही मनात काड्या मोजू लागतो.

प्रतिसाद:
या मोजण्याचा उपयोगही होत असावा. कोव्हिडच्या काळात ३१० जणांवर केलेला एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. साथीची झळ सोसायला आपली जास्त तयारी होती, असं जगबुडीच्या आणि झॉम्बींच्या चित्रपटांच्या चाहत्यांनी त्यात सांगितलं. अर्थात चित्रपटांमुळे तयारी झाली की मुळात तशाच माणसांना ते आवडतात, हे त्यावरून ठरत नाही.

प्रतिसाद:
‘वाचणे’ कसा विसरलात? हिंदीत ‘बचना’ आणि ‘बांचना’ वेगळे राहिले, मराठीत दोन्हींचं रूप एकच झालं. फरक फक्त प्रयोगात दिसतो. ‘तो वाचला’ म्हणजे जिवानिशी सुटला, ‘त्याने वाचलं’ म्हणजे पुस्तक. ‘ती शेवटपर्यंत वाचली’ आणि ‘तिने शेवटपर्यंत वाचली’, मध्ये एवढासा ‘ने’. पण ‘वाचणे’ क्षणाचं आहे: गोळी चुकली, वाचलो. त्यानंतरचे चारशे दिवस त्यात मावत नाहीत. तिथे ‘तगणे’च हवं.

धागालेखक:
पटलं. परिचय लिहिताना ‘प्रलयोत्तर तगकथा’ असं लिहून बघतो. ‘तगकथा’ कानाला नवा आहे, पण अर्थ विचारावा लागत नाही. आता ‘सर्व्हायव्हर्स’ला काय म्हणू? ‘उरलेले’ मला नको वाटतं, कोणीतरी मोजून बाजूला ठेवल्यासारखं.

प्रतिसाद:
‘वाचलेले’ पहिल्या प्रकरणापुरतं. दुसऱ्या प्रकरणापासून ‘तगलेले’.