शून्य खर्च, शून्य सावली आणि टाकीचं झाकण

बी-४०२: समितीला नमस्कार. मे महिन्यात मुलांच्या कार्यक्रमाला घरटी ६०० रुपये? ४८ फ्लॅटचे २८,८०० झाले. मेंटेनन्स वाढून महिनाही झाला नाही. जादूगार आणि हवेचा मिकी माऊस एवढे महागले का?

ए-१०३ (सांस्कृतिक समिती): ताई, वर्गणी ऐच्छिक आहे.

बी-४०२: न देणाऱ्यांची यादी लिफ्टमध्ये लागते, तेवढी ऐच्छिक ना? 🙏

सी-५०१: गच्चीवरच्या टाकीचं झाकण बसवलं का?

ए-३०४ (आजोबा): १३ मे आहे की. पुण्यात शून्य सावली दिवस, दुपारी १२:३१. सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पूर्ण नाहीशी होते. खर्च काही नाही.

बी-२०१: आमच्या वॉचमनची सावली दुपारी रोजच नाहीशी असते 😂

सी-१०२: १२:३१ का? माध्यान्ह १२ ला ना?

ए-३०४ (आजोबा): आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, पुणं ७३.८ च्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरून ३५ मिनिटं उशीर. मे महिन्यात सूर्य सरासरी वेळेच्या चारेक मिनिटं पुढे असतो, तेवढी वजा करा. नागपूरला हा दिवस २६ मेच्या सुमारास. दिल्लीला कधीच नाही, ती कर्कवृत्ताच्या वर आहे. आपल्याकडे जुलैअखेर पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांपुढे कोणाचं चालतंय?

बी-४०२: करायचं कसं, तेही लिहा आजोबा.

ए-३०४ (आजोबा): एक मीटरची सरळ काठी किंवा पाइप वाळूच्या बादलीत उभा करा. शेजारी ओळंबा, म्हणजे दोऱ्याला बांधलेला नट. काठी दोन बाजूंनी ओळंब्याशी जुळली पाहिजे. एक अंश कलली तरी सावली पावणेदोन सेंटिमीटर दिसते आणि मुलं म्हणतात आजोबा खोटं बोलले. खाली पांढरा ड्रॉइंग पेपर. १२:१० पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलची खूण. सुरुवातीला सावली नऊएक सेंटिमीटर पश्चिमेला असते, आखडत आखडत बुडाशी येते, मग पूर्वेला निघते. दोन्ही टोकं उघडा डबा असेल तर जमिनीवर उजेडाची पूर्ण गोल चकती पडते, लहानांना तेच आवडतं. सूर्याकडे कोणी बघायचं नाही.

ए-१०३ (सांस्कृतिक समिती): पार्किंगमध्ये घेऊ.

ए-३०४ (आजोबा): पार्किंगला पावसाच्या पाण्यासाठी ढाळ दिलाय, त्यात मांडवाची सावली. गच्चीवर घ्या. तिथेही आधी ताटात पाणी ओतून सपाटी बघा. १३ ला जमलं नाही तर १४ ला करा. फरक पाव अंशाचा, म्हणजे मीटरला चार-पाच मिलिमीटर.

सी-५०१: गच्चीवर जाताय तर टाकीचं झाकण???

बी-२०१: गच्चीची किल्ली ३१ डिसेंबरपासून सेक्रेटरींच्या लॉकरमध्ये आहे. कारण सगळ्यांना माहीत आहे, मी नाव घेत नाही.

बी-३०३: नाव न घेता टोमणे मारू नका. बाटल्या आमच्या नव्हत्या.

ए-१०३ (सांस्कृतिक समिती): विषयावर या 🙏 रात्री काही करता येईल का?

ए-३०४ (आजोबा): अमावास्येच्या जवळचा शनिवार, रात्री नऊ. हॅलोजन बंद, टॉर्चला लाल जिलेटीन कागद, मोबाइल खिशात. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं लागतात, एकाने फ्लॅश मारला की परत सुरुवात. उत्तरेला सप्तर्षी उंच असतात. शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती, त्याच ओघात चित्रा. शेपटीतल्या वसिष्ठाजवळ अरुंधती दिसते का, ती डोळ्यांची फुकट तपासणी. आकाशगंगा शहरातून दिसणार नाही, आशा लावू नका.

सी-१०२: चंद्र नको? मुलांना चंद्रच हवा असतो.

ए-३०४ (आजोबा): मग वेगळा दिवस. शुक्ल अष्टमी, पौर्णिमा नाही. पौर्णिमेला खड्ड्यांच्या सावल्या नसतात, चंद्र सपाट दिसतो. १०×५० ची दुर्बीण खुर्चीच्या पाठीवर टेकवून धरा, हातात धरली तर चंद्र नाचतो. दक्षिणेला क्षितिजापासून मूठभर वर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढं वर, त्रिशंकूचा तारकासमूहही असतो.

बी-२०१: दक्षिणेला ते २२ मजली उभं राहिलंय आता. आपला त्रिशंकू म्हणजे कन्व्हेयन्स, बिल्डरकडून जमीन सोसायटीच्या नावावर होणं; तो बारमाही लटकलेला दिसतो.

सी-३०१: कन्व्हेयन्सवर वेगळा ग्रुप आहे. तिथे कोणी उत्तर देत नाही ती गोष्ट वेगळी.

बी-४०२: एक सकाळ पाताळेश्वरला नेता येईल. जंगली महाराज रोड, आठव्या शतकातली लेणी, तिकीट नाही. नंदीचा मंडप गोल आहे, तो मुलांना मोजायला लावा. उन्हं चढायच्या आत परत, नाहीतर अनवाणी पाय भाजतात. शनिवारवाड्यातही १५ वर्षांखालच्यांना तिकीट नाही, मोठे दोघेच पुरे.

ए-१०३ (सांस्कृतिक समिती): छान. पण जादूगाराला २,००० ॲडव्हान्स दिलाय.

बी-४०२: कोणाला विचारून?

बी-३०३: आणि आम्हाला बाटल्यांचा हिशोब विचारतात.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, ग्रुपवर वाद नको. १३ तारखेला १२ वाजता गच्ची उघडेन. मुलांबरोबर प्रत्येकी एक मोठं माणूस हवं, कठडा कमी उंचीचा आहे. टोपी, चप्पल, पाणी आणा. ॲडव्हान्सचं मीटिंगमध्ये बोलू.

सी-५०१: टाकीचं झाकण?

सेक्रेटरी: प्लंबर गुरुवारी येतोय.

सी-५०१: कुठल्या गुरुवारी?