हात थांबतच नाहीये, काय करू? लवकर सांगा

उंबरठा: नखं बारीक कापली, आरसा झाकून ठेवला, चिमटा फेकून दिला. चार दिवस बरे जातात, मग वाचता वाचता हात वर जातो. भानावर येते तेव्हा वहीवर केस पडलेले असतात. सोमवारपासून परीक्षा आहे. ‘उपटू नकोस’ सोडून काहीही सांगा.

कवडसा: केस गळण्यामागे थायरॉइड असू शकतं, रक्त तपासून घ्या. रात्री कोमट तेल चोळा. मला फरक पडला.

शांतनदी: कवडसा, गळत नाहीयेत हो, ती उपटतेय. याला ट्रायकोटिलोमेनिया म्हणतात, १८८९ पासून वैद्यकात नोंद आहे. उंबरठा, केस कुठले? कधीपासून? आणि गिळतेस का? गिळले तर पोटात केसांचा गोळा होऊ शकतो, म्हणून विचारते.

उंबरठा: पापण्यांचे. लिहायचंच राहिलं. सहावीपासून. गिळत नाही, ओठांवरून फिरवते फक्त.

कवडसा: मग तेल नको, डोळ्यांत जाईल.

खडक: मनाचा निग्रह हवा. मी सिगारेट एका दिवसात सोडली.

शांतनदी: खडक, निग्रह कमी असता तर तिने आरसा झाकला असता का? मी बारा वर्षं भुवया उपटल्या. उपयोग झाला तो सवय-बदल प्रशिक्षणाचा, अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये मांडलेल्या. आधी हात नेमका कधी उठतो ते टिपायचं. माझं कोपर टेबलावर टेकलं की सुरू व्हायचं. मग हात उठताच मूठ आवळून मांडीवर धरायची, ओढ ओसरेपर्यंत. हे जाणणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडून शिकलीस तर उत्तम.

खडक: सिगारेटचीही ओढच असते. असो.

पारा: एन-ॲसिटिलसिस्टीन नावाच्या गोळ्या घ्या. २००९ च्या चाचणीत निम्म्याहून जास्त लोकांना फायदा झाला.

शांतनदी: ती मोठ्या माणसांवरची, पन्नास जणांची. मुलांवरच्या चाचणीत फरक दिसला नाही. वय न विचारता गोळ्या सुचवू नका.

उंबरठा: सतरा. आत्ता हे वाचतानाही डावं कोपर टेकलेलंच होतं, आणि उपटते तीही डावीकडचीच. पापण्या परत येतील ना?

शांतनदी: मुळं शाबूत असली तर येतात, काही महिने लागतात. वर्षानुवर्षं उपटल्यावर विरळ राहू शकतात, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव. घरी माहीत आहे?

उंबरठा: नाही. आज आईला सांगते.