बाबांना हेपॅटायटीस सी, मग औषध प्रत्यारोपणानंतर का?

सोलापूरची लेक:
बाबांचं यकृत प्रत्यारोपण ठरलंय. धाकटा भाऊ यकृताचा भाग देतोय. बाबांच्या पोटात पाणी होतं, डोळे पिवळे, मध्येच असंबद्ध बोलतात. डॉक्टर म्हणतात, हेपॅटायटीस सीच्या गोळ्या ऑपरेशननंतर. मग भावाच्या चांगल्या यकृतालाही लागण होणार ना? आजीनं तर बाबांचं ताट-पेलाही वेगळा काढलाय.

वाईच्या काकू:
अगं, लागण होणार हे खरं. रक्तात विषाणू असला की तो नव्या यकृतात शिरतोच. ह्यांच्या प्रत्यारोपणाच्या वेळी मीही डॉक्टरांना हेच विचारून भंडावलं होतं. यकृत इतकं खचलं की विषाणू गेला तरी ते सावरेलच असं नसतं, आणि अशा अवस्थेत गोळ्यांचा गुणही कमी येतो. बाबांचा मेल्ड स्कोअर, म्हणजे यकृत किती खचलंय ते सांगणारा आकडा, किती आहे ते विचार. तो कमी असता तर बहुधा आधीच गोळ्या दिल्या असत्या.

पूर्वी या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत, त्या काळात तुझी भीती अगदी रास्त ठरली असती. ती इंजेक्शनं प्रत्यारोपणानंतर अनेकांना झेपत नसत, आणि काहींचं नवं यकृतही थोड्याच वर्षांत सिरोसिसपर्यंत, म्हणजे कायमचं निबर होण्यापर्यंत, जाई. 2015 मध्ये सोफोसबुविर या विषाणूवरच्या नव्या औषधाच्या देशी गोळ्या आपल्याकडे मिळायला लागल्या. ह्यांना तब्येत स्थिरावल्यावर सोफोसबुविर-वेल्पाटासविर दिलं, 12 आठवडे. संपल्यानंतर आणखी 12 आठवड्यांनी रक्तात विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय अंश) तपासला, विषाणू नव्हता. प्रत्यारोपण झालेल्या शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांचा विषाणू या गोळ्यांनी जातो. भावाचं देणं वाया जाणार नाही, बाई.

अँटिबॉडीची तपासणी (शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं बघणारी) मात्र पुढेही पॉझिटिव्हच येते. तेवढा कागद बघून एका दातांच्या डॉक्टरांनी ह्यांना परत पाठवलं होतं. आरएनएचा रिपोर्ट फाइलीत सगळ्यात वर ठेव.

मिरजेचा फार्मासिस्ट:
काकूंशी सहमत. ताई, ॲसिडिटीची गोळी आपल्या मनानं सुरू करू नका, वेल्पाटासविर नीट शोषलं जात नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटची कार्बामाझेपिन चालू असेल तर आधीच सांगा. विषाणू जाऊन यकृत सुधारलं की टॅक्रोलिमसची (शरीरानं नवं यकृत नाकारू नये म्हणून देतात त्या औषधाची) रक्तातली पातळी खाली येऊ शकते, तेव्हा ती तपासणी चुकवू नका. राष्ट्रीय कार्यक्रमात 2018 पासून सरकारी केंद्रांवर या गोळ्या मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

सोलापूरची लेक:
काकू, दादा, खूप आधार वाटला. ताटाचं काय करू?

वाईच्या काकू:
एकत्र जेवा गं. हा रक्तातून पसरतो, उष्ट्यातून नाही. दाढीचं ब्लेड, नेलकटर, टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा. आजींना डॉक्टरांकडूनच सांगायला लाव, आमच्या सासूबाईंनी त्यांचंच ऐकलं.