शब्दचर्चा : 'प्रायव्हसी'ला गोपनीयता म्हणावं की खासगीपणा?

प्रश्न

आमच्या वाचनालयात दर महिन्याला एखादा कायदा घेऊन बोलणं होतं. या वेळी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आहे, जुलै २०२५ मध्ये विधानसभेत आणि विधान परिषदेत मंजूर झालेलं. चार पानी टिपण लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच पानावर अडकले. 'राइट टू प्रायव्हसी'ला वर्तमानपत्रं एका दिवशी 'गोपनीयतेचा अधिकार' म्हणतात, दुसऱ्या दिवशी 'खासगीपणाचा'. दोन्हींत फरक आहे असं आतून वाटतं, पण नेमका सांगता येत नाही. शिवाय 'पाळत', 'जनसुरक्षा' आणि 'हेबिअस कॉर्पस' यांबद्दलही जाणकारांनी लिहावं.

प्रतिसाद १

गोपनीयता. रूढ झालाय, लोकांना कळतो. नवा शब्द कशाला?

प्रतिसाद २

रूढ आहे म्हणून घ्यावा, हे मला मान्य नाही. 'गोपनीय' म्हणजे लपवण्याजोगं. हा शब्द रोजच्या वापरात कुठे कुठे येतो ते आठवून पाहा. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात. फाइलीवर 'गोपनीय' असा शिक्का असतो. साहेब हाताखालच्या माणसाचा वार्षिक गोपनीय अहवाल लिहितात. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आजही आहे. या सगळ्या ठिकाणी गोपनीयता सरकारची आहे, आणि लपवण्यासारखं खरोखरच काहीतरी आहे. हाच शब्द तुमच्या-माझ्या अधिकाराला लावला की आपणही काहीतरी दडवून बसलोय, असं आपोआप ठरतं. मग पुढचा माणूस लगेच म्हणतो, "कर नाही त्याला डर कशाला?" आणि वाद तिथेच हरलेला असतो.

आंतरदेशीय पत्र आठवा. आत काय असायचं? इकडील सर्व क्षेम, आईचे गुडघे दुखतात, पाऊस लांबला. त्यात गुपित असं एक अक्षर नसायचं. तरी आपण तिन्ही कडा चिकटवायचो आणि पोस्टमननं ते फोडलेलं चाललं नसतं. त्या चिकटवण्याला 'गोपनीयता' म्हणता येत नाही. तो खासगीपणा.

'खासगी'ला मराठीत जुनं वजनही आहे. मूळ अरबी 'खास', ज्यातून आपला 'खासा' आणि 'खाशी स्वारी' आली. होळकरांकडे 'खासगी' (घराण्याची) आणि 'दौलत' (राज्याची) ही दोन निराळी खाती होती. १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगीची सनद झाली आणि पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. दौलतीचा खर्च कितीही वाढला तरी खासगी वेगळी. पुण्यातलं 'खासगीवाले' हे आडनावही अशाच कारभारातून आलेलं. राज्याच्या हिशेबात न मिसळणारा भाग, हा अर्थ आपल्या भाषेत तयारच आहे. तो सोडून सरकारी शिक्क्यावरचा शब्द उचलायचं कारण मला दिसत नाही.

प्रश्नकर्ती

'कर नाही त्याला डर' हे वाक्य मागच्या बैठकीतही आलं होतं आणि कुणालाच धड उत्तर देता आलं नाही.

प्रतिसाद ३

त्याचं उत्तर म्हणीतच आहे. म्हण गृहीत धरते की 'कर' म्हणजे काय हे आधीच ठरलेलं आहे. इथे भांडण नेमकं त्यावरच आहे. जनसुरक्षा विधेयकातली 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या वाचा. बॉम्ब, जाळपोळ, हिंसा यांबद्दल कुणाचा वाद नाही. पण प्रस्थापित कायद्याची आणि त्याच्या संस्थांची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तसा उपदेश करणं, हेसुद्धा त्यात बसवलं आहे. 'अवज्ञा' वाचून मला पहिल्यांदा 'सविनय कायदेभंग' आठवला. शिरोड्याला मीठ उचललं, २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळ्या झेलल्या, त्याला आपण अवज्ञा म्हणून हिणवत नाही. शाळेत धडा म्हणून शिकवतो. 'कायदेभंग' हा मराठीत मानाचा शब्द आहे, आणि त्याच कृतीला 'अवज्ञा' म्हटलं की तो गुन्हा होतो.

दुसरा शब्द 'तशाच'. आधीच्या मसुद्यात व्यक्ती आणि संघटना असा सरसकट उल्लेख होता. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आणि हरकती गेल्या, त्यानंतर रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांवर आणला गेला. ही सुधारणा खरीच आहे, ती नाकारू नये. पण पुढे 'किंवा तशाच संघटना' अशा अर्थाचं शेपूट राहिलं. तशाच म्हणजे कशा? ज्याच्या हातात अधिकार, तो ठरवणार. आणि सभासद नसलेल्या माणसानं मदत केली तरी दोन वर्षांपर्यंत कैद आहे. गावातल्या मंडळाला सतरंज्या देणाऱ्यानं आपली सतरंजी कुणाखाली अंथरली गेली, हे कुठवर शोधत बसायचं?

प्रतिसाद ४

मी वकिली करते, म्हणून 'जनसुरक्षा' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' याबद्दल दोन गोष्टी. नाव नवं नाही. जम्मू-काश्मीरमध्ये १९७८ पासून जनसुरक्षा कायदा आहे. तो आणला गेला लाकूडचोरांसाठी, शेख अब्दुल्लांच्या काळात. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याच कायद्याखाली त्यांचे पुत्र फारूक अब्दुल्ला स्थानबद्ध झाले. छत्तीसगडचा विशेष जनसुरक्षा कायदा २००५ चा.

फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्यानं दिला. पहिली अट अशी की सार्वजनिक आणीबाणी असावी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी ते गरजेचं असावं. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शब्दांचा अर्थ लावला. सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे एकूण जनतेला धोका नसणं. आणि ही परिस्थिती गुप्त असू शकत नाही, कुठल्याही शहाण्यासुरत्या माणसाला ती दिसली पाहिजे. म्हणजे धोका उघड असला पाहिजे, सरकारच्या पोटात असून चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१९ मध्ये हाच धागा पकडून एका लाचेच्या प्रकरणातले फोन ऐकण्याचे आदेश रद्द केले. लाच वाईटच, पण तिच्यामुळे सगळी जनता धोक्यात आहे असं होत नाही. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात हेच शब्द पुन्हा आले आहेत, आणि त्याच वर्षीच्या टपाल कायद्यानं पत्र अडवण्याचा अधिकारही ठेवला आहे. म्हणूनच आंतरदेशीय पत्राचा दाखला मला फार जवळचा वाटला.

प्रतिसाद ५

'पाळत'बद्दल. शेजारणीला आपण म्हणतो, "पोरीकडे जरा लक्ष ठेवा हो." त्यात काळजी असते. "पोरीवर लक्ष ठेवा" म्हटलं की तीच पोर संशयित झाली. फरक सगळा 'कडे' आणि 'वर' यांत आहे. पाळत नेहमी 'वर' असते. 'माझ्याकडे पाळत ठेवली' असं मराठीत होतच नाही. टिपणात 'देखरेख' लिहू नका. देखरेख शाळेच्या बांधकामावर असते, ती माहीत असते आणि तिचा जाब मागता येतो.

प्रतिसाद २

हेबिअस कॉर्पस राहिलंच. त्यासाठी 'बंदी प्रत्यक्षीकरण' असा शब्द वापरतात. जड वाटतो, पण फोडून पाहा. प्रति आणि अक्ष, म्हणजे डोळ्यांसमोर. बंदी केलेल्या माणसाला न्यायालयाच्या डोळ्यांसमोर आणा. आधीच्या पिढीला हे शब्दकोशातून शिकावं लागलं नाही. 'मिसा' हा खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येणारा १९७१ चा कायदा, आणीबाणीत तो इतका वापरला गेला की 'मिसाबंदी' हा मराठी शब्दच तयार झाला. वडील मिसात होते, असं आजही घराघरांत सांगतात. २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक असा निकाल दिला की आणीबाणीत असं प्रत्यक्षीकरण मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळं बोलले. बहुमतात यशवंत चंद्रचूड होते, पुण्यात जन्मलेले. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला, आणि त्याच निकालात १९७६ चा निर्णय चूक होता असं लिहिलं त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी.

गोपनीय कोठडीच्या उलट शब्द 'प्रत्यक्ष'. टिपणात हा शब्द कंसात अर्थ देऊन ठेवाच, गाळू नका.

प्रतिसाद १

माझा आग्रह मागे घेतो. 'गोपनीयतेची शपथ' मी शेकडो वेळा ऐकली आहे, पण ती कुणाची गोपनीयता हे मनात आलं नव्हतं. एक शंका मात्र आहे. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याबद्दल लिहिताना 'विदा' लिहिलं तर आमच्याकडे अर्धे लोक निरोपाचा 'विदा' समजतील.

प्रश्नकर्ती

'माहिती' लिहीन. त्या कायद्यातही राज्याची सुरक्षा म्हणून सरकार आपल्या यंत्रणांना सूट देऊ शकतं, ते एक वाक्य घालायचंय.

पहिलं पान असं केलं आहे : "खासगीपणा म्हणजे लपवाछपवी नव्हे. ज्याचा हिशेब सरकारला द्यावा लागत नाही, तो आपल्या आयुष्याचा भाग म्हणजे खासगी." होळकरांची सनद समासात घेतली. 'खाजगी' लिहावं की 'खासगी', यावर घरी वाद झाला. दोन्ही चालतात, पण 'खास' डोळ्यांना दिसावा म्हणून 'स' ठेवला. आणि 'पाळत'च्या परिच्छेदात 'कडे' आणि 'वर' ठळक अक्षरांत छापतेय.